हिंगाचा खण

चोपड्याच्या बाजारात, पितळी तराजूमागे,
चौसष्ट खणांच्या कपाटाला पाठ लावून
मी एकोणीस वर्षं बसतोय.
खणांवरच्या चिठ्ठ्या केव्हाच पुसल्या. हात ओळखतात.
डावीकडे खाली ओवा, त्यावर बाळंतशेपा,
सुंठीत नेहमी एखादा तुकडा किडका,
आणि हिंगाचा खण,
जो लाकूड फुगल्यापासून अर्धाच उघडतो
पण वास सगळा सोडतो.

थंडीत शेताशेतांवर भरिताच्या पार्ट्या लागल्या
की दुसरी सकाळ माझी.
रात्री कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी,
बडगीत ठेचलेली मिरची, कळण्याची भाकरी,
'घ्या हो, एवढ्यानं काय होतंय!'
सकाळी तेच सगळे दुकानासमोर,
पोटावर हात, एकमेकांकडे न बघता.
किती खाल्लं, मी विचारत नाही.
ओवा, चिमूटभर पादेलोण, वर कोमट पाणी.
'आणि दुपारी नुसता ताकभात,'
हे मी फुकट देतो.
तेवढंच कुणी घेऊन जात नाही.

गेंदीबाई पावरा सातपुड्यातून उतरते,
फडक्यात कुड्याची साल, मुरुडशेंगा.
शेंग अशी पिळलेली,
जणू तिच्याच पोटात कळ आलीये.
मी एकदा म्हणालो, बघ, देवानं दुखण्याचं चित्रच काढून ठेवलंय.
ती म्हणाली, शेंगेला दुखत नाही, शेठ,
ती अशीच वाढते.
मी शेठ नाही, पगारी माणूस आहे,
हे तिला चांगलं माहीत आहे.

वेडू मिस्तरी दर सोमवारी यायचा.
कानामागे पेन्सिल, भुवयांवर भुसा.
'पोटमा कायतरी फिरस रे भो. हिंग दे.'
मी द्यायचो.
पाचव्या सोमवारी हिंग आणि सुंठ,
सहाव्या सोमवारी बेलाचा मगज,
सातव्याला तो काउंटरला टेकून उभा राहिला
आणि मला त्याच्या कमरेची सुतळी दिसली.
पट्ट्याऐवजी सुतळी. जुन्या गाठींच्या खुणा
एकीपुढे एक, चार बोटं.
नवी गाठ पार आत.
पँटीला पुढे चुण्या पडलेल्या.

आठव्या सोमवारी मी म्हणालो, हिंग नाही.
खण अर्धा उघडा, वास दोघांच्या नाकात,
आणि मी म्हणतोय, नाही.
धुळ्याला जा. मोठ्या दवाखान्यात. उद्याच.
त्यानं मला जे म्हटलं ते अहिराणीत जास्त लागतं,
म्हणून इथे लिहीत नाही.
समोरच्या दुकानातून त्यानं हिंग घेतला,
मला दिसेल अशा बेतानं पुडी खिशात टाकली.

मग सोमवार नुसतेच येत गेले.
मी त्याच्या घरी गेलो नाही. जायला हवं होतं.
तो नसला तर काय बोलायचं, हे मला सुचत नव्हतं;
तो असला तर, तेही नाही.
रात्री जेवण उतरेना. बडीशेप चघळत बसायचो,
चौसष्ट खणांचा रखवालदार,
आणि त्या सात पुड्या मनातल्या तराजूत.

केळीचे ट्रक भरायचे दिवस असतील.
दुपारी दारात एक वाळका माणूस उभा राहिला,
सदऱ्याखालून पट्टीचा कडक कोपरा वर आलेला.
काही बोलला नाही. आत आला,
हिंगाचा खण दोन हातांनी हलवून हलवून बाहेर काढला,
पिशवीतून रंधा काढला.
दोनदा थांबला, पोटाला हात लावून.
तिसऱ्यांदा मी रंधा धरायला गेलो तर
कोपरानं मला बाजूला सारलं.

खण बसवला. एका बोटानं ढकलला.
गेला, आला.
'आते दे हिंग.'
माझा हात जागीच थांबला.
'पोटकरता नही रे,' तो म्हणाला,
'दायकरता.'

मी पुडी बांधली.
पैसे त्यानं मोजून दिले,
सुट्टे परत मागून घेतले.